एका घरातले तीन रंगांचे दात

दोडामार्गाहून गोव्यात नोकरीला जाणारी मुलं सकाळी सकाळी अस्नोड्याच्या रस्त्याला लागतात. कोणी म्हापशाच्या दुकानात, कोणी डिचोलीच्या कारखान्यात, कोणी किनाऱ्यावरच्या हॉटेलात. साटेली-भेडशीतला एक मुलगा अशाच एका हॉटेलात रिसेप्शनवर उभा असतो. त्याची मावशी आरोग्य खात्यात परिचारिका होती. नोकरीची सगळी वर्षं तिने तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या पायाखाली घातल्या, आता निवृत्त आहे. दात पांढरे करून घ्यावेत की नाही, यावर या दोघांचं जमत नाही. दोघंही मनापासून भांडतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते भांडण इथे मांडतो आहे. घरात दोघं मालवणीत बोलतात. मी त्यातलं बरंचसं नेहमीच्या मराठीत उतरवलं आहे.

भाचा : गे मावशी, माणूस काउंटरवर आला की माझं पहिलं काम हसायचं. ट्रेनिंगला सांगतात, दात दिसू देत. आणि मी ओठ मिटून हसतो, कारण दात पिवळे. केस कापायला पैसे घालतो, बुटांना घालतो, मग दातांना घातले तर तुझ्या पोटात का दुखतं?

मावशी : केस परत वाढतात. दाताचं कवच एकदा गेलं की येत नाही. आणि पिवळे दात म्हणजे वाईट दात, हे तुला कोणी सांगितलं? वरचं एनॅमल थोडं आरपार असतं. त्याच्या आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. आतला रंग बाहेर दिसतो, एवढंच. वय वाढतं तसं कवच झिजून पातळ होतं, आत डेंटिन साठत जातं, दात आणखी पिवळे दिसतात. डेंटिस्ट रंग जुळवायला जी पट्टी वापरतात तिच्यात सोळा छटा असतात. त्यातली एकही कागदासारखी पांढरी नसते. तसे दात फक्त मोबाइलच्या फोटोत असतात.

भाचा : फोटोतले दात बघूनच लोक मला बघतात, त्याला मी काय करू? मला कागद नकोय. दोन छटा उजळ हवेत.

मावशी : बरं. तू ते ऑनलाइन किट मागवलंस, निळ्या दिव्याचं. काय झालं त्याचं?

भाचा : थोडा फरक पडला. पण पुढचा एक दात तसाच राहिला. बाकीचे उजळले म्हणून तो उलट जास्तच उठून दिसतो.

मावशी : आरशासमोर ये. बघ, बाकीचे दात पिवळसर आहेत. हा राखाडी आहे. दोन वेगळे रंग, म्हणजे दोन वेगळी कारणं. दहावीत कबड्डी खेळताना तोंडावर पडला होतास, आठवतं? ओठ सुजला, आठवड्यात उतरला, सगळे विसरले. मार बसला की कधी कधी दातातली नस हळूहळू मरते. आतलं रक्त फुटून डेंटिनच्या बारीक नळ्यांत उतरतं, त्यातल्या लोहाने दात आतून काळवंडतो. याला वर्षंही लागतात. दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि मुळाशी मात्र गुपचूप पू धरलेला असू शकतो. तू त्यावर बाहेरून जेल चोपडत बसलास.

भाचा : मग तो पांढरा होणारच नाही?

मावशी : होईल, पण आधी एक्स-रे. नस मेली असेल तर रूट कॅनाल. ते झालं की त्याच दाताच्या आत सोडियम परबोरेट पाण्यात कालवून भरतात, वरून तात्पुरतं बंद करतात, काही दिवसांनी बदलतात. दात आतून उजळतो. ही पद्धत तुझ्या निळ्या दिव्यापेक्षा कितीतरी जुनी आहे, साठ वर्षांहून जास्त. तुझ्या किटच्या डबीवर यातला एक शब्द तरी होता का?

नव्हता. मावशीचा खरा राग इथे आहे आणि तो मला रास्त वाटतो. विकणाऱ्याला दाताचा रंग का बदलला याच्याशी कर्तव्य नसतं. त्याच्या लेखी सगळे डाग सारखे आणि सगळ्यांवर औषध एक. पण मावशीने नोकरीत जे पाहिलं त्यात दोन माणसांचे डाग सारखे क्वचितच होते.

मावशी : लहान बाळांना आम्ही लोहाचं सिरप द्यायचो. ॲनिमिया मुक्त भारत ही योजना आली २०१८ मध्ये, तिच्यातही सहा महिन्यांच्या बाळापासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. पुढच्या भेटीला जावं तर बाटली तशीच भरलेली. का गं दिलं नाहीस? तर म्हणायची, पोराचे दात काळे झाले, किडले. ते किडणं नव्हे. लोहाचा थर बसतो वरून. कीड लागली की खड्डा पडतो, दात मऊ होतो, हा डाग नुसता पृष्ठभागावर. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं, वर पाणी पाजायचं, दात पुसायचे. एवढ्याशा गोष्टीसाठी अंगात रक्त नसलेली पोरं औषधाविना राहिली. रंगाची भीती अशी महाग पडते.

भाचा : मुलांच्या दातांना हिरडीलगत एक काळी रेघ पण असते. माझ्या चुलत भावाला होती. घासून घासून त्याची आई दमली.

मावशी : ती वेगळीच. तोंडातल्या काही जंतूंमुळे येते. ते गंधकाचा वायू सोडतात, थुंकीतलं लोह त्याला मिळतं, काळं लोह-सल्फाइड तयार होतं. आणि नवल असं, की ज्यांना ही रेघ असते त्यांच्या दातांना कीड कमी लागलेली दिसते. डेंटिस्ट काढून देतो, काही महिन्यांनी परत येते, मोठेपणी बरेचदा आपोआप जाते. त्या पोराला ब्रशने घासघासून हिरड्या सोलायची काहीच गरज नव्हती.

भाचा : आता माझं ऐक. आमच्या शाळेत एक सर होते, यवतमाळकडचे. बदली होऊन इथे आलेले. दात तपकिरी, ठिपक्या-ठिपक्यांचे, मध्ये खडूसारखे पांढरे पट्टे. आम्ही सगळी पोरं म्हणायचो, सर गुटखा खातात. आईबापसुद्धा तेच म्हणायचे. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं, गावातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड होतं. त्यांच्या सगळ्या भावंडांचे दात तसेच. मला अजून त्याची लाज वाटते. आता सांग, त्या सरांनी दात पांढरे करून घेतले असते तर तू त्यांना शोभेचे चोचले म्हणाली असतीस?

मावशी : नसते म्हणाले.

इथे मावशी खरोखरच थांबली. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत खोल बोअरच्या पाण्याने झालेला हा दोष हजारो माणसं तोंडात घेऊन फिरतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. दात जबड्यात तयार होत असताना, म्हणजे पहिल्या सात-आठ वर्षांत, त्याहून जास्त पोटात गेलं की एनॅमलची घडण बिघडते. याचा शोध लागायला जगाला तीस वर्षं लागली. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. गावातल्या मुलांचे दात तपकिरी होते आणि त्याचं कारण त्याला सापडेना. शेवटी १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यात फ्लोराइड शोधून काढलं. जांभ्या दगडाच्या आपल्या कोकणात ही अडचण सहसा नाही. पण बदलीने, लग्नाने माणसं इकडची तिकडे जातात आणि दातांवरून माणसाचं व्यसन ठरवणारे आपण सगळीकडे असतो.

भाचा : तेच तर म्हणतो. दातांचा रंग बघून लोक माणसाची किंमत करतात. तो अन्याय आहे हे मलाही कळतं. पण अन्याय संपेपर्यंत मी ओठ मिटून उभा राहू?

मावशी : तुझ्या आजीच्या आजीला विचार. तेव्हा बायका दातवण लावून दात काळे करायच्या. हिरड्याच्या फळासारखा तुरट माल आणि हिराकस. तुरटपणातलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळीभोर शाई तयार होते, तीच दातांवर. त्या काळी काळे दात म्हणजे सौभाग्य, शोभा. तिकडे जपानातही बायका दात काळे करायच्या. सरकारने १८७० मध्ये सरदार घराण्यांना बंदी केली, मग ते मागे पडलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जो रंग सुंदर होता तो आज लाजिरवाणा. उद्या आणखी काही निघेल. अशा रंगामागे लागून दाताला इजा करून घ्यायची का?

भाचा : त्या बायकांनी त्यांच्या काळाचा रंग लावला, मी माझ्या काळाचा लावतो. तेव्हा कोणी त्यांना म्हटलं का, दातवण नको, देवाने दिलेलेच ठेव?

या उत्तराला मावशीकडे तोड नव्हती, आणि माझ्याकडेही नाही. शोभेची हौस हलकी समजून चालत नाही. ती फार जुनी आहे आणि तिच्यामुळे माणसं दवाखान्याची पायरी चढतात. पण ती हौस ज्याच्या हाती पडते तो कोण, याने पुढचं सगळं ठरतं.

भाचा : मावशी, राखुंडीने दात घासून आजोबांचे दात शेवटपर्यंत टिकले, हे तूच सांगतेस. मग माझ्या कोळशाच्या पेस्टला नावं का ठेवतेस?

मावशी : राखुंडीलाही ठेवते. भाताच्या तुसाची राख म्हणजे बहुतेक सगळी सिलिका, वाळूचाच भाऊ. बोटाने रोज घासली की वरचे चहाचे डाग जातात, दात चकचकीत दिसतात, आणि त्याबरोबर कवचही झिजतं. कवच पातळ झालं की आतला पिवळेपणा वर येतो. मग माणूस आणखी जोरात घासतो. आजोबांचे दात टिकले, पण हिरडीलगत त्यांना कशा खाचा पडल्या होत्या, थंड पाणी लागलं की कसे कळवळायचे, ते तुला आठवत नाही. तुझ्या कोळशाच्या पेस्टमध्ये कोळसाच असतो. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये यावर लेख आला होता, सगळे अभ्यास तपासून. पांढरं होतं याला पुरावा नाही, निर्धोक आहे यालाही नाही. घरची राख फुकट होती, तू कोळशाला तीनशे रुपये देतोस.

भाचा : आणि लिंबू-मीठ? खायचा सोडा?

मावशी : लिंबाने दात घासणं म्हणजे कवच विरघळवणं. पीएच ५.५च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं, लिंबाचा रस दोनच्या आसपास. आपल्याकडे उन्हाळ्यात काय नसतं? रातांबे, आगळ, काजूची बोंडं. ते खा, पी, सोलकढी सोडू नकोस. पण आंबट खाल्ल्यावर चूळ भर आणि अर्धा तास ब्रशला हात लावू नकोस. मऊ पडलेल्या कवचावर ब्रश मारला की ते निघून येतं.

भाचा : आता काकीकडे येऊया.

काकीचं नाव निघालं की दोघांचे आवाज उतरतात. भाच्याची काकी त्याच घरात राहते आणि मशेरी लावते. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. सकाळी दात घासायला म्हणून एकदा, मग जेवल्यावर, मग दुपारी तोंडात बोट फिरवत बसायचं. काकी व्यसन म्हणत नाही, दात घासते म्हणते. दाताच्या मुळांशी काळपट तपकिरी पट्टा, हिरड्या मागे सरकलेल्या, पुढचे दात लांब झालेले. टूथपेस्ट आणि टूथ पावडरीत तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, पण तव्यावर भाजलेल्या पानाला ती बंदी काय करणार?

मावशी : तिला मी कितीदा सांगितलं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर अभ्यास झाला होता, २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तंबाखू खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. आणि त्या बायका बहुतेक मशेरीच लावणाऱ्या होत्या. हे सगळं मी वाडी-वाडीवर सांगितलं. ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या. डबी कमरेलाच.

भाचा : कारण तू त्यांना कॅन्सर सांगतेस, बाळ सांगतेस. ते दिसत नाही. दात दिसतात. गेल्या महिन्यात चुलत बहिणीचं लग्न ठरलं, तर काकी काय म्हणाली ठाऊक आहे? फोटोत माझे दात दिसतील, मी मागेच उभी राहते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला मशेरीचा त्रास झाला. मी म्हटलं, सोड, मी तुझे दात पांढरे करून आणतो. तर विचारते, खरंच होतील? बघ, तुझ्या तीस वर्षांच्या समजावण्याने जे झालं नाही ते एका फोटोने झालं.

मावशी : आणि तू खोटं सांगितलंस.

भाचा : कसं?

मावशी : तिचे दात ब्लीचने पांढरे होणार नाहीत. वरचे डाग तंबाखूचे आणि कीटणाचे. ते आधी काढून टाकायला हवेत. स्केलिंग म्हणतात ना, तेच. आणि मुळं उघडी पडलीत. मुळाला कवच नसतंच, ते पिवळंच राहणार. ब्लीचचं औषध तिथे लागलं तर कळ डोक्यात जाईल. तिला स्केलिंगला नेलं की ती पहिल्या दिवशीच म्हणणार, दात हलायला लागले, फटी पडल्या. गावात तोच समज आहे, मशीनने दात सैल होतात. खरं तर फटी कीटणाने भरलेल्या असतात. कीटण हाडाला खात असतं आणि वर दात धरून ठेवल्यासारखं भासवतं. हे तिला आधी सांगून ठेव, मग ने. आणि मशेरी चालू ठेवून स्केलिंग केलंस तर सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

भाचा : म्हणजे मी तिला घेऊन जावं, हे तुला मान्य आहे.

मावशी : ने. पण दातांच्या रंगाच्या आधी तिला तोंड उघडायला सांग. तिची तीन बोटं उभी, एकावर एक, दातांच्या मधून जायला हवीत. नाही गेली तर दवाखाना त्याच दिवशी. गालाच्या आत पांढरा चट्टा, खरखरीत, पुसून न जाणारा, तोही बघ. ती मशेरीबरोबर सुपारीही खाते, आपल्याच पोफळीची. घरची म्हणून काही ती निर्दोष होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते. तिने गाल आतून ताठर होतात, तोंड उघडेनासं होतं. मी असे दोन-तीन पुरुष पाहिले, भाताचा घास घालायला चमचा उभा धरता येत नव्हता.

यानंतर बराच वेळ बोलणं उपायांवर गेलं. त्यातली काही माहिती भाच्याने दंतवैद्याला विचारून आणली होती, काही मावशीने त्याच्याकडून काढून घेतली.

ब्लीचचं काम चालतं ते पेरॉक्साइडने. ते एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंची साखळी तोडतं. तुटलेले तुकडे प्रकाश तसा शोषत नाहीत, म्हणून दात उजळ दिसतात. दवाखान्यात २५ ते ४० टक्क्यांचं तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड हिरड्या झाकून लावतात, काम तासा-दीड तासात होतं. घरी करायचं तर दातांचं माप घेऊन पातळ ट्रे बनवून देतात आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड रात्री घालून झोपायचं, दोन-तीन आठवडे. त्यातून सुमारे साडेतीन टक्के पेरॉक्साइड मिळतं. ही पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेत प्रथम मांडली गेली आणि आज सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली तीच आहे. निळा दिवा नसला तरी शेवटी फरक तेवढाच पडतो. युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइड दंतवैद्याच्या हातूनच मिळतं, अठरा वर्षांखालच्यांना नाही. आपल्याकडे मोबाइलवर बोट ठेवलं की घरपोच येतं.

मावशीने यात दोन गोष्टी जोडल्या. काही दिवस दात शिवशिवतात. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. आणि दातात भरलेलं सिमेंट, टोपी, यांचा रंग बदलत नाही. पुढच्या दातात भरण असलेल्या माणसाने ब्लीच केलं तर भरलेला तुकडा पिवळा आणि भोवतीचा दात पांढरा, असं होतं. ते पुन्हा भरावं लागतं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांनी थांबावं. आणि उजळलेला रंग वर्षा-दोन वर्षांत हळूहळू उतरतो, चहा-तंबाखू असेल तर लवकर.

यवतमाळच्या सरांसारख्या दातांना आम्ल आणि बारीक पूड लावून वरचा थर अगदी थोडा घासतात, कधी त्यावर ब्लीच, कधी दाताच्या रंगाचं कंपोझिट. व्हिनिअर ही चिनी मातीची पातळ पापडी. ती बसवायला बहुधा निरोगी दात तासावा लागतो आणि तासलेलं परत येत नाही. लग्नाआधी सहा-आठ चांगले दात तासून घेणाऱ्या मुली आता ऐकू येतात. याबाबत मी पूर्णपणे मावशीच्या बाजूने आहे.

भाचा : आता तुझे दात.

मावशी : माझ्या दातांचं काय?

भाचा : मी लहान असल्यापासून बघतोय. राखाडी, मध्ये आडवे पट्टे. पुढचे जास्त काळपट, दाढा फिक्या पिवळ्या. हे काय आहे, हे तू कधीच सांगितलं नाहीस.

मावशी : टेट्रासायक्लिन. माझा जन्म बासष्टचा. लहानपणी ताप-खोकला कायम, गोड सिरपच्या बाटल्या. त्या काळी ते औषध लहान मुलांना सर्रास द्यायचे. हाड-दात तयार होत असताना ते कॅल्शियमला जाऊन चिकटतं. आधी दात पिवळे दिसतात, मग उजेडाने तपकिरी-राखाडी होतात, म्हणून पुढचे दात जास्त काळे आणि दाढा फिक्या. जितकी आजारपणं तितके पट्टे.

भाचा : पण भाताच्या खाचरात उतरणाऱ्यांना तुम्हीच डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटायचा की. लेप्टोस्पायरोसिससाठी. तीही त्याच घराण्यातली ना?

मावशी : त्याच घराण्यातली, पण कॅल्शियमला इतकी चिकटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये सांगितलं, एकवीस दिवसांपर्यंत कोणत्याही वयात चालते. तरी गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना आम्ही देत नव्हतो. लेप्टोने माणूस मरतो; दाताच्या भीतीने डॉक्सी टाकून देऊ नकोस, हेच सांगायचे.

भाचा : आणि तंबाखू सोडा, हेही सांगायचीस. या दातांनी.

मावशी : व्हय. बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. एकीने विचारलं होतं, बाई, तुम्ही कोणती लावता? सगळ्या हसल्या. मी त्यांना दातांची गोष्ट सांगितली, औषधाची. मग ऐकायच्या. पण नव्या वाडीवर गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

भाचा : मग मावशी, पांढऱ्या दातांची सगळ्यात जास्त गरज या घरात तुलाच होती. माझ्या हसण्याने हॉटेलचा धंदा होतो. तुझ्या हसण्याने बायकांनी डबी टाकली असती. आणि तू म्हणतेस, रंगाला काय एवढं.

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली ते मला तिच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त खरं वाटलं.

मावशी : तेव्हा मला कोणी सांगितलं असतं की काही होऊ शकतं, तर कदाचित मी केलंही असतं. कोणी सांगितलं नाही. मी मानून घेतलं, हे असंच. आणि मानून घेतलेलं माणूस पुढे तत्त्व म्हणून सांगायला लागतो.

भाचा : आता होतं. मी तुझ्यासाठीही विचारून आलोय. ट्रेवालंच औषध, पण तीन आठवडे नाही, तीन ते सहा महिने, रोज रात्री. पिवळे-तपकिरी पट्टे बरेच फिके होतात, राखाडी कमी. हिरडीलगतचा भाग सगळ्यात चिवट.

मावशी : सहा महिने रोज रात्री? नको. मला आता वाड्यांवर जायचं नाही. तुझी गोष्ट वेगळी, तुझं काम तोंडाचं. पण आधी तो राखाडी दात.

मोठ्या कामाला दोडामार्गच्या माणसांचा रस्ता ठरलेला आहे, गोव्याचा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं होतं. इथल्या लोकांचं दुखणं-खुपणं सीमेपलीकडच्या दवाखान्यांवर किती अवलंबून आहे ते त्यात दिसलं. दातांसाठीही तिथलंच गोवा दंत महाविद्यालय, १९८० पासूनचं. शिकणारी मुलं काम करतात, वेळ जास्त लागतो, पण वर शिक्षक उभे असतात.

भाचा : माझी सुट्टी बुधवारी. काकीला पण घेऊन जातो. तिला तीन बोटं घालायला मी सांगू की तू?

मावशी : मी सांगते. तू सांगितलंस तर लाजेल. आणि तिला पांढरे करून आणतो असं पुन्हा बोलू नकोस. कीटण निघालं की तिचे दात तिच्या वयाच्या बाईचे असतात तसे दिसतील, फोटोत पुढे उभं राहायला तेवढं पुरे. मशेरीचं तिथे जाण्याआधीच बोलू. सकाळची पहिली बोटावरची तेवढी शेवटी सुटते, तिला आधी दुपारची सोडू दे.

भाचा : आणि माझं ब्लीच?

मावशी : नस जिवंत आहे की मेली ते कळू दे. मग कर. पैसे कमी पडले तर माग.